प्रेरणेच्या तासाला आलेले टेलर भाऊ

सिंदेवाहीपासून एस.टी.ने तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका गावात मी नऊ वर्षं शिकवलं. विषय मराठी आणि इतिहास. शाळा आठवी ते दहावी, तीन खोल्या, चार शिक्षक आणि एक हेडसर. नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या नऊ वर्षांत मी बऱ्याच गोष्टींवर चिडले, माझा स्वभावच तसा आहे. पण शनिवारच्या शेवटच्या तासावर जेवढी चिडले तेवढी दुसऱ्या कशावर चिडल्याचं आठवत नाही.

झालं असं की एका जुलैमध्ये वरून एक परिपत्रक आलं. प्रतिकूल परिस्थितीवर मात करून मोठ्या झालेल्या व्यक्तींच्या जीवनकथा दर शनिवारी विद्यार्थ्यांना सांगाव्यात, जेणेकरून त्यांच्यात जिद्द निर्माण होईल. सोबत चाळीस कथांची एक पुस्तिका आणि एक रजिस्टर. रजिस्टरमध्ये रकाने आखलेले: तारीख, कथेचं नाव, संकट, मात, बोध, विद्यार्थ्यांच्या सह्या. हेडसरांनी ते गठ्ठ्यानं माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “बाई, हे तुमच्याकडे. तुमचं मराठी चांगलं आहे.”

हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगावर काटा येई. शाळेतलं जे काम कोणालाच नको असे ते ‘तुमचं मराठी चांगलं आहे’ या वाटेनं माझ्याकडे येई. सव्वीस जानेवारीची भाषणं, निरोप समारंभाची मानपत्रं, विहिरीतला गाळ काढण्यासाठी ग्रामपंचायतीला अर्ज. एकदा तर गणिताच्या सरांच्या मेहुण्याचा बायोडाटाही मीच लिहिला होता.

शिवाय अशा कथांशी माझं जुनं वाकडं होतं. मी बल्लारपूरची. वडील पेपर मिलमध्ये होते. लहानपणी मी नवीन चप्पल मागितली की ते स्वतः अनवाणी शाळेत कसे जात ते सांगत. आजारी आहे म्हटलं की ताप असताना त्यांनी कसा पेपर दिला ते सांगत. वांग्याची भाजी नको म्हटलं की मीठ-भाकरीची गोष्ट. खोटं काहीच नव्हतं त्यात, मला ठाऊक आहे. पण आठव्या वर्षापर्यंत मला एवढं कळलं होतं की माणसाला काही द्यायचं नसेल तर त्याला प्रेरणा देतात.

तरी नोकरी म्हणून मी पुस्तिका उघडली आणि पहिल्या शनिवारी पहिली कथा वाचली. एक गरीब मुलगा घरात दिवा नसल्यामुळे रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास करी आणि पुढे फार मोठा माणूस झाला. कथा संपली. आठवीचा वर्ग गप्प. मला वाटलं, लागली वाटतं मनाला.

तिसऱ्या रांगेतून एका मुलीनं हात वर केला. सावळी, काटक, केसांना लाल रिबीन, वर्गातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात जास्त गैरहजर राहणारी.

“बाई, त्याच्या गल्लीत दिवा होता?”

“होता ना.”

“रोज लागे?”

“रोज लागत असेल.”

“मंग काऊन गरीब म्हणता त्याले?”

वर्ग हसला. त्या गावात पंचायतीनं बसवलेले चार दिवे होते, त्यातले तीन बसवल्या दिवसापासून लागलेच नव्हते. चौथा पोलीस पाटलाच्या दारात होता. मी ‘खाली बस’ म्हटलं आणि रजिस्टरमध्ये ‘बोध: परिश्रमाला पर्याय नाही’ असं लिहिलं.

पुढच्या शनिवारी रोज तीन मैल चालत शाळेत जाणारा मुलगा. त्यावर वर्गात कुजबूज झाली, मग एकानं विचारलं, “जाऊन-येऊन की नुसतं जाणं?” त्याच्या शेजारी बसलेला पोरगा टेकडीपल्याडच्या छोट्या वस्तीवरून, टोलीवरून येई, पावसाळ्यात नाला भरला की वळसा घालून. त्याला तीन मैल म्हणजे काय हे मी फळ्यावर किलोमीटर करून सांगितलं. तो म्हणाला, “इतकंच का?” आणि त्याच्या चेहऱ्यावर त्या थोर पुरुषाविषयी खरंखुरं दुःख होतं, की एवढ्याशासाठी पुस्तकात छापावं लागलं बिचाऱ्याला.

मग पेपर विकून शिकलेला मुलगा आला. “पेपर घेते कोण, बाई?” मग आईनं दागिने विकून शिकवलेला मुलगा आला. तेव्हा लाल रिबीनवाली परत उठली.

“बाई, ह्या सगळ्या गोष्टींत पोट्टेच आहेत. त्यायच्या बहिणी कुठी गेल्या?”

“बहिणी नसतील.”

“एकालेबी?”

मी पुस्तिका उलटीपालटी केली. चाळीसपैकी तीन बायका होत्या, तिघीही परदेशातल्या. मी तिच्यावर ओरडले. तिच्यावर ओरडण्यासारखं काही नव्हतं, पण ज्यांच्यावर ओरडायचं ते शंभरेक किलोमीटर दूर बसले होते.

या मुलीच्या गैरहजेरीचं कारण पूर्ण गावाला ठाऊक होतं. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिचा बाप पहाटे मोहफुलं वेचायला गेला होता. मोहाच्या झाडाखाली अस्वल आलं होतं तेच खायला. दोघांनी एकमेकांना पाहिलं तेव्हा फार जवळ होते. अस्वलानं त्याचा उजवा खांदा आणि दंड फाडला. जीव वाचला, हात वाचला नाही. म्हणजे होता जागेवर, पण खुंटीवर टांगलेल्या सदऱ्याच्या बाहीसारखा लोंबकळत. धानाच्या रोवण्याला, कापणीला गावातला पहिल्या नंबरचा माणूस. तो आता घरात भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून असे. आई मजुरीला जाई, आणि घरातलं रांधणं, पाणी, दोन शेळ्या आणि बापाला खाऊ घालणं पोरीवर. मी एकदा तिच्या घरी गेले होते. बापाशी बोलायला लागले की सरकारी योजना असते, तालुक्याला दाखवा, असं करा, तसं करा. त्यानं तोंड वळवलं नाही. आई म्हणाली, “नका बोलू बाई, तो कोणासंगच नाई बोलत. साल होऊन राह्यलं.”

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी ठरवलं की ती पुस्तिका आता पुरे. संकटावर मात केलेला माणूस हवाच असेल तर इथला आणू, डोळ्यांनी दिसणारा. आणि त्या पोरीची रिकामी जागा पाहून मला टेलर भाऊ आठवले.

सिंदेवाहीला एस.टी. स्टँडजवळ त्यांचं दुकान होतं. पन्नाशीचे, दाढीवाले. पूर्वी सायकलच्या कॅरियरवर मशीन बांधून गावोगावच्या आठवडी बाजारात जात, आणि अशाच एका बाजाराच्या वाटेवर अस्वलानं त्यांना धरलं होतं. डावा डोळा गेला, गालाचं मांस ओढल्यासारखं झालं, आणि डाव्या हाताला अंगठा व एकच बोट उरलं. मी बसची वाट पाहताना त्यांना कायम मशीनवर बघत आले होते. मला वाटे, काय हा माणूस! दीड हाताचा, एका डोळ्याचा, आणि मशीन थांबत नाही. पुस्तिकेतले चाळीस एकीकडे आणि हा एकीकडे.

मी आमंत्रण द्यायला गेले. त्यांनी पाय थांबवला नाही.

“मले भाषण नाई येत, बाई.”

“भाषण नको भाऊ. काय झालं तेवढं सांगा.”

“काय झालं ते साऱ्यायले मालूम आहे. भालू झाला.”

“त्यानंतर तुम्ही कसे उभे राहिलात, ते.”

“कसा म्हणजे? भिंतीले धरून.”

आतल्या पडद्यामागून हसण्याचा आवाज आला. त्यांच्या बायकोचा असावा. मी हट्ट सोडला नाही. शेवटी आतूनच आवाज आला, “जाके आओ ना जी. दिनभर इथी तोंड पाहून राह्यली मी तुमचं.” तेव्हा ते हो म्हणाले.

ते साडेनऊच्या गाडीनं आले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात पिशवी. हेडसरांनी गुलाबाचं फूल दिलं, नारळ दिला. पहिल्या रांगेतल्या दोन मुली त्यांचा चेहरा पाहून मागं सरकल्या. ते भाऊंच्या लक्षात आलं. खुर्ची वळवून ते असे बसले की चांगली बाजू मुलांकडे राहील. हे मी पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं. त्यांना इथं आणून बसवणारी मीच होते.

हेडसरांनी ओळख करून दिली. जिद्द, चिकाटी, संकटावर मात. भाऊ ऐकत राहिले. मग खाकरले.

“सरांनी मात-मात म्हटलं. मात नाई केली मी. मी दोन साल घरातून निघालोच नाई.”

हेडसर माझ्याकडे बघायला लागले.

“खाटेवर पडून राहो. लेकरं जवळ येत नव्हते, भेव लागे त्यायले. मी बायकोले शिव्या देत होतो. तिनं जेवण ठेवलं का ताट फेकत होतो. तिले शिवणं येत नव्हतं. काज-बटण करे, बस. घर चालवाले तिनं एक दिवस एका बाईच्या ब्लाउजचा कपडा घेतला शिवाले. कापता येत नाई, काई नाई. मले म्हणते, तुमाले येते, तुमी सांगा. मी म्हटलं, मर. तिनं कैची घेतली आणि माह्या डोळ्यासमोर तो कपडा उलटा कापाले घेतला. चांगला कपडा होता बाप्पा! मले नाई पाहवलं. मी ओरडलो, अवं, ताना बघ, ताना! कपडा आडवा धरला तू!”

मुलं हसायला लागली. त्यांनाही हसू आलं.

“असं झालं ते. मी ओरडो आणि ती कापे. साल-दीड साल. आता दुकान तिचं आहे. कटिंग तिचं, ब्लाउज, पंजाबी सूट, सारं तिचं. मी समोर बसून सरळ शिलाई मारतो. चादरी, पिशव्या-झोरे, परकराची कोर. लोकायले वाटते का मीच टेलर.”

मी इतकी वर्षं ज्या मशीनकडे पाहून भारावले होते त्यावर चादरी शिवल्या जात होत्या. हेडसरांनी घड्याळ पाहिलं. मी म्हणाले, “पण भाऊ, भीतीवर तर तुम्ही विजय मिळवलात?”

“नाई जी. आताबी भेतो. सायकल विकली. एस.टी.शिवाय कुठी जात नाई. तुमच्या गावचं जंगल लागलं तवा मी खिडकी लावून घेतली.”

लाल रिबीनवाली उठली. तिचा आवाज नेहमीसारखा खट्याळ नव्हता.

“भाऊ, दोन सालानं तुमी उठले काऊन?”

त्यांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, “तिनं एक दिवस माह्याविना कापलं. मले विचारलंच नाई. मी आयकून राह्यलो आतून, कैची चालून राह्यली आणि मले कोणी विचारत नाई. मंग उठलो, पाह्यलं. बरोबर कापलं होतं.”

टाळ्या कधी वाजवायच्या हे कोणालाच कळेना. हेडसरांनी वाजवल्या. मुलं गेल्यावर त्यांनी मला रजिस्टर दिलं. संकटाच्या रकान्यात मी ‘अस्वलाचा हल्ला’ लिहिलं. पुढच्या रकान्याशी पेन अडलं.

“लिहा, जिद्दीने मात केली,” हेडसर म्हणाले.

“सर, ते स्वतः म्हणाले, नाही केली.”

“बाई, त्यांना बोलता येत नाही. तुम्हाला लिहिता येतं ना?”

मी रकाना कोरा ठेवला. त्यावरून आमची चांगलीच जुंपली. शेवटी त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

परतीची गाडी दहालाच निघून गेली होती, पुढची तीनला. भाऊंना जेवायला घरी न्यावं म्हणून मी बाहेर आले तर ते आणि ती पोरगी फाटकाशी बोलत होते. ती म्हणाली, “बाई, मी यायले आमच्या घरी नेऊन राह्यली.” परवानगी मागायचा तिचा स्वभावच नव्हता.

मी पण मागं गेले. बाप नेहमीसारखा भिंतीकडे तोंड करून होता. माझ्या मनात आलं, आता तरी भाऊ दोन धीराचे शब्द बोलतील. ते खाटेच्या काठावर बसले आणि विचारलं, “दिवसा धरलं का पहाटे?”

भाऊंनीच पुढं सुरू केलं.

“माहं मादी होतं. पिल्लं होते संगं. तुमचं?”

खाट करकरली. मग भिंतीकडून आवाज आला, “नर होता. एकटाच.”

“मोठा?”

“हेऽ एवढा.” आणि तो माणूस वळला, डाव्या हातानं उंची दाखवायला. चुलीजवळ बसलेली त्याची बायको ताडकन उभी राहिली.

मग त्या दोघांनी अस्वलांची तुलना केली. कोणाचं कसं उठलं, आधी नख मारलं की दात, वास कसा येतो तोंडाचा. भाऊंनी बाही वर करून हात दाखवला, यानं खांद्यावरचा कापडाचा धडपा काढून खांदा दाखवला. दोन शेतकरी बैल दाखवतात तसं चाललं होतं. थंडीत दुखतं का? दुखतं. रात्री झोपेत ओरडतो का? ओरडतो. मग बापानं विचारलं, “बरं होते का हे?”

“नाई होत,” भाऊ म्हणाले. “मी सांगतो तुले, नाई होत बरं.”

मला इतका राग आला की मी दारातून म्हणाले, “भाऊ, काहीतरी चांगलं बोला!”

त्यांनी एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. “खोटं बोलू का, बाई? डॉक्टर खोटं बोलला, मौलाना खोटं बोलला, बायकोचा भाऊ खोटं बोलला. मी वाट पाहत राह्यलो का हात येते आता, येते आता. दोन साल त्यातच गेले.”

तीनची गाडी येईपर्यंत ते तिथंच होते. त्यांनी तिथंच भात-वरण खाल्लं. मी घरी येऊन थंड झालेला मसालेभात एकटीनं खाल्ला.

सोमवारी ती पोरगी शाळेत आली नाही. मंगळवारी नाही. पूर्ण आठवडा गेला. तिच्या मैत्रिणीला विचारलं तेव्हा कळलं की ती सिंदेवाहीला मावशीकडे आहे आणि टेलर भाऊंच्या दुकानात शिवण शिकते आहे.

माझं डोकं फिरलं. ज्या पोरीला शाळेत टिकवायचं म्हणून मी हा सगळा खटाटोप केला, तीच पोरगी त्या खटाटोपानं शाळेतून गेली. तिच्या आईला गाठलं तर ती शांतपणे म्हणाली, “तुमीच तर आणलं होतं त्यायले, बाई. हातात काई आलं तर बरंच आहे ना जी. बाप पाहून राह्यला आता शेळ्या.”

रविवारी मी सिंदेवाहीला गेले. या वेळी सरळ पडद्यामागं. भाभी, म्हणजे भाऊंची बायको, उंच, हडकुळ्या, गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या. पोरगी जमिनीवर बसून हातशिलाई करत होती. मला पाहून तिनं मान आणखी खाली घातली.

“भाभी, ही वर्गातली पहिली मुलगी आहे,” मी सुरू केलं. “तुम्ही हिचं शिक्षण थांबवताय.”

“मी नाई बोलावलं तिले, मॅडम. खुद आली. सात दिवसांपासून इथी बसून राह्यली. मी म्हटलं, बस.”

“चौदा वर्षांची पोर आहे. तिचं आयुष्य—”

“मी बारा सालची होती, लग्न झालं तेव्हा,” त्यांनी टाचण्या काढल्या. “तुमी माह्यावर काऊन चिल्लावून राह्यल्या? तुमी माह्या आदमीले गोष्ट सांगाले नेलं. मी रोकलं का?”

मग माझंही तोंड सुटलं. मी शिक्षणावर बोलले, मुलींवर बोलले, देशावरही बोलले बहुतेक. भाऊ बाहेरच्या मशीनवर चादरीला कोर मारत होते, त्यांनी वेग वाढवला. भाभी ऐकत होत्या, ऐकता ऐकता एक कापड मोजत होत्या. मोजून झाल्यावर त्यांनी सुतळीसारखा एक दोरा घेतला आणि त्याला गाठी मारल्या. भिंतीवर खिळ्याला तसे पन्नासेक दोरे लटकत होते, प्रत्येकाला कापडाची चिंधी बांधलेली.

“हे काय?” मी मध्येच थांबून विचारलं.

“माप. मले लिहिता नाई येत. ही गाठ छाती, ही कंबर, ही लांबी. मागच्या ईदले उंदरानं दोरे कुरतडले. आठ बाया दारात येऊन भांडल्या.” त्या एकदम पोरीकडे वळल्या. “ए, साडेसात आणि पावणेतीन किती होते?”

पोरीनं बोटं मोजली. “साडेनऊ… नाई, दहा.”

“मॅडम, बरोबर आहे?”

“सव्वादहा,” मी म्हणाले.

भाभींनी पोरीच्या हातातलं कापड काढून घेतलं. “सात दिवस झाले, मले वाटलं शाळेतली पोट्टी आली, लिहून देईल, जोडून देईल. हिले पाव-सव्वा येत नाई! मंग माह्या काय कामाची? जा. शिकून ये. आणि मॅडम, तुमी आठवीपर्यंत काय शिकवलं हिले?”

गणित माझ्याकडे नाही, हे सांगायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

तासभर भांडून, दोन कप चहा पिऊन तोडगा निघाला. सोमवार ते शुक्रवार शाळा. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा दहाच्या गाडीनं सिंदेवाहीला यायचं, मावशीकडे राहायचं, रविवारी संध्याकाळी परत. पोरीनं जमिनीवरच्या चिंध्या गोळा केल्या. मी निघाले तेव्हा म्हणाली, “बाई, सोमवारी येतो.” आमच्याकडे मुलीसुद्धा कधी कधी ‘येतो’ म्हणतात. ती आली.

दहाची गाडी पकडायची म्हणजे शनिवारचा शेवटचा तास बुडणार. शेवटचा तास प्रेरणेचा. त्या दिवसापासून दहावीपर्यंत तिनं एकही प्रेरणादायी कथा ऐकली नाही. हेडसर कासावीस झाले. “बाई, सह्यांच्या रकान्यात दर शनिवारी एक जागा रिकामी दिसते. तपासणी झाली तर?”

तपासणी झालीच. वरचे साहेब आले, रजिस्टर पाहून खूश झाले, विशेषतः हेडसरांच्या अक्षरावर. मग विचारलं, “या उपक्रमामुळे एखाद्या विद्यार्थ्याच्या आयुष्यात प्रत्यक्ष बदल झाला, असं उदाहरण आहे का? अहवालात घेऊ.”

हेडसर माझ्याकडे डोळ्यांनी गयावया करत होते. मी सगळं सांगितलं, अस्वलापासून गाठींपर्यंत. साहेब लिहीत होते ते हळूहळू थांबले. “म्हणजे ती विद्यार्थिनी या तासाला…”

“बसत नाही सर. भाऊ आले तेव्हा शेवटची बसली.”

“आणि ते गृहस्थ म्हणाले की मात केली नाही.”

“हो.”

त्यांनी पेनचं टोपण लावलं. “हे घ्यायला नको,” ते म्हणाले. “गैरसमज होईल.”

यानंतर दोन वर्षांनी तो तास बंद झाला. कोणी बंद केला नाही. वृक्षारोपणाचं परिपत्रक आलं आणि शनिवारचा शेवटचा तास खड्डे खणण्याला गेला. तोही मलाच दिला, त्यात मराठीचा काय संबंध ते मला आजवर कळलेलं नाही.

ती पोरगी दहावीला गणितात नापास झाली. मी तीन दिवस कोणाशी बोलले नाही, एवढी चिडले. ती स्वतः मात्र फारशी हादरली नाही. “ऑक्टोबरमंदी देतो ना बाई,” म्हणाली, आणि ऑक्टोबरमध्ये काठावर पास झाली. तोवर भाभींच्या भिंतीवरचे सगळे दोरे तिनं एका वहीत उतरवले होते आणि दुकानातल्या वाढत्या कामात अर्धी भागीदार असल्यासारखी वागत होती. मी तिला म्हटलं, बारावी कर, डी.एड. कर. ती म्हणाली, “तुमच्यासारखी बाई होऊ?” आणि ज्या नजरेनं तिनं माझ्या डोक्यावरच्या गळक्या कौलाकडं आणि टेबलावरच्या रजिस्टरांकडं पाहिलं, त्यानंतर मी पुन्हा आग्रह केला नाही. अकरावीत नाव घातलं तिनं, बाहेरून. बारावीचं काय झालं ते मला नक्की सांगता येणार नाही. ब्लाउज ती उत्तम शिवते, एवढं सांगू शकते.

टेलर भाऊंना मी नंतर दोनदा बोलावलं. ते आले नाहीत. “एकदा सांगितलं ना, बाई. तेच-तेच काय सांगाचं?” मात्र पोरीच्या बापाकडे ते महिन्या-दोन महिन्यांनी येत. खिडकी लावून, एस.टी.नं.

माझी बदली राजुऱ्याकडे झाली तेव्हा शेवटच्या दिवशी मी बसथांब्यावर सामान घेऊन उभी होते. पोरीचा बाप शेळ्या घेऊन आला. आता पाच झाल्या होत्या. उजवा हात त्यानं कमरेच्या धडप्यात खोचून ठेवला होता, तो चालताना लोंबू नये म्हणून. त्यानं राम राम केला आणि तक्रारच सुरू केली.

“बाई, त्या टेलरनं माही पोट्टी बिघडवली. कोनाचं आयकत नाई. पाहुणे आले पाहाले तर त्यायलेच विचारते, तुमच्या घरी लाईन आहे का मशीनीले? मोटर लावाची म्हणते. म्या काय करू?”

“मले नका विचारू, भाऊ,” मी म्हणाले. नऊ वर्षांत माझी भाषाही तशीच झाली होती. “मी तिले काईच शिकवलं नाई.”

“तुमीच तर आणलं होतं त्याले,” तो म्हणाला, आणि एक शेळी माझ्या गादीच्या वळकटीची दोरी खायला लागली म्हणून तिला हाकलायला धावला.